ल्वार नदीकाठच्या सोप्या पायवाटा : ठाणे-नवी मुंबईतून फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी

तलावपाळीला किंवा उपवनला रोज पहाटे फेऱ्या घालणारे, नेरूळच्या ज्वेलमध्ये किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात तास-तासभर न थांबता चालणारे अनेक जण निवृत्तीनंतर युरोपची सहल करतात आणि तिथे मात्र दिवसातले सहा-सात तास बसमध्ये बसून काढतात. ज्यांना रोज चार-पाच किलोमीटर चालण्याची सवय आहे, त्यांनी फ्रान्सचा निदान एक प्रदेश पायी पाहावा, आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर त्यासाठी ल्वार नदीचे खोरे निवडावे, असे माझे ठाम मत आहे. हा प्रदेश बहुतांशी सपाट आहे, गावे एकमेकांपासून चालण्याजोग्या अंतरावर आहेत, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रेल्वे नदीच्या सोबतीने धावते. म्हणून आखणी करताना कोणता महाल अधिक प्रसिद्ध आहे हे आधी पाहू नये. चालून झाल्यावर परतीचे स्टेशन कुठे आहे ते आधी पाहावे. एवढे एक सूत्र पाळले की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर येतात.

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी असून तिची लांबी 1000 किलोमीटरहून थोडी अधिक आहे. तिच्या खोऱ्याचा सुली ते शालोन हा मधला भाग 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. एवढा सगळा भाग एका सहलीत पाहण्याचा हट्ट धरू नये. तूर आणि ब्ल्वा या दोन शहरांमधला पट्टा आठवडाभर पुरतो.

मुक्काम एकाच ठिकाणी

रोज सामान बांधून नवे हॉटेल गाठणे हे चालण्याच्या सहलीला मारक आहे. मुक्काम तूर शहरात, शक्यतो रेल्वे स्टेशनच्या जवळ करावा. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनातून वेगवान गाडीने सुमारे सव्वा तासात सां-पिएर-दे-कोर हे तूरलगतचे स्टेशन येते, आणि तिथून पाच मिनिटांच्या जोडगाडीने तूर गाठता येते. शार्ल द गोल विमानतळावरूनही सां-पिएरसाठी काही थेट गाड्या आहेत, त्यामुळे लांबच्या विमानप्रवासानंतर पॅरिस शहर ओलांडण्याची दगदग टळते. तूरहून आंब्वाझ साधारण वीस मिनिटांवर, ओंझां त्याच्या पुढे, आणि ब्ल्वा पाऊण तासाच्या आत आहे. ही तिन्ही स्टेशने एकाच मार्गावर आहेत. शेननसो मात्र शेर या उपनदीच्या काठाने जाणाऱ्या दुसऱ्या मार्गावर, सुमारे अर्ध्या तासावर आहे.

ठाणे स्टेशनात एक लोकल चुकली तर पुढची काही मिनिटांत मिळते. ही सवय तिथे पूर्ण बाजूला ठेवावी लागते. छोट्या स्टेशनांवर दुपारच्या वेळी दोन गाड्यांमध्ये दोन-तीन तासांचे अंतर असू शकते आणि रविवारी गाड्या आणखी कमी असतात. म्हणून आदल्या रात्री एसएनसीएफ या फ्रेंच रेल्वे कंपनीच्या ॲपवर परतीच्या दोन गाड्या पाहून ठेवाव्यात, पहिली धरण्याच्या बेताने चालावे आणि दुसरी राखीव समजावी. गटात एखाद्याचा गुडघा दुखू लागला, तर त्याने मधल्या गावातून गाडी पकडून मुक्कामी जावे आणि बाकीच्यांनी पुढे चालावे, हीदेखील सोय या मार्गामुळेच होते.

वाटेवरच्या खुणा

फ्रान्समध्ये पायवाटांवर रंगाच्या खुणा करण्याची पद्धत पक्की आहे, आणि ती एकदा समजली की भाषा येत नसली तरी फारसे अडत नाही. छोट्या स्थानिक वाटांना, म्हणजे आपल्या उपयोगाच्या वाटांना, पिवळी पट्टी असते. लांब पल्ल्याच्या वाटांना वर पांढरी आणि खाली लाल पट्टी असते, तर एखाद्या परिसराला मोठी प्रदक्षिणा घालणाऱ्या वाटेला पिवळी आणि लाल. पट्टी साधारण बोटभर लांबीची असते आणि ती झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर किंवा एखाद्या घराच्या कोपऱ्याच्या दगडावरही रंगवलेली असते. पट्ट्यांच्या खाली वळलेला बाण दिसला की त्या बाजूला वळायचे, आणि त्याच रंगांची फुली दिसली की ती वाट आपली नाही. चौकानंतर शंभर-दोनशे पावले चालूनही खूण दिसली नाही, तर पुढे रेटू नये. शेवटची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत परत यावे.

ल्वारच्या काठाने जाणारी जीआर 3 ही वाट फ्रान्समधील पहिली लांब पल्ल्याची खूण केलेली पायवाट मानली जाते; तिचा पहिला टप्पा 1947 मध्ये ओर्लेआंजवळ आखला गेला. ती संपूर्ण चालण्याचा प्रश्नच नाही, पण तिचे चार-पाच किलोमीटरचे तुकडे आपल्याला वारंवार भेटतात. प्रत्येक गावाच्या पर्यटन कार्यालयात आसपासच्या वाटांची पत्रके मिळतात. ती बहुधा फ्रेंचमध्ये असतात, पण नकाशा, अंतर आणि लागणारा वेळ वाचायला भाषेची गरज पडत नाही. पत्रकातला वेळ हा न थांबता चालणाऱ्यांचा, ताशी सुमारे चार किलोमीटरच्या हिशेबाचा असतो, त्यामुळे फोटो काढत आणि बसत-उठत चालणाऱ्यांनी त्यात निम्मा वेळ वाढवून धरावा.

कोणत्या वाटा चालाव्यात

पहिल्या दिवशी, प्रवासाचा शीण असताना, तूरमध्येच फिरावे. स्टेशनातून सां-गातियां कॅथेड्रलकडे जावे, तिथून नदीवर यावे आणि फक्त पायी चालणाऱ्यांसाठी असलेल्या झुलत्या पुलावरून, मधल्या ओकार बेटावरून, उत्तर काठ गाठावा. परत येताना विल्सन पुलावरून यावे. अठराव्या शतकातल्या या दगडी पुलाच्या काही कमानी 1978 मध्ये कोसळल्या होत्या आणि नंतर तो जुन्या रूपात पुन्हा उभारला गेला. आता त्यावरून ट्रामही जाते. पूल उतरल्यावर उजवीकडे जुने शहर आणि लाकडी चौकटींच्या घरांनी वेढलेला प्लास प्लूमरो आहे. ही फेरी दीड-दोन तासांत आरामात होते आणि तिच्यात चढ जवळजवळ नाहीच.

आंब्वाझला एक पूर्ण दिवस द्यावा, आणि जमल्यास तो रविवार असावा, कारण त्या सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. स्टेशन नदीच्या उत्तरेला आहे, म्हणून गावात शिरण्यासाठी पूल ओलांडावा लागतो, आणि तेच भाग्याचे आहे. पुलाच्या मध्ये सोन्याचे बेट नावाचे लांबट बेट आहे. तिथे उतरून पाण्याच्या कडेने चालताना राजवाड्याची संपूर्ण तटबंदी समोर दिसते. राजवाड्यापासून क्लो-ल्युसे हे घर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. राजा पहिला फ्रान्स्वा याच्या निमंत्रणावरून लिओनार्दो दा विंची 1516 मध्ये इथे आला आणि 2 मे 1519 रोजी याच घरात त्याने देह ठेवला. त्याची समाधी राजवाड्याच्या आवारातील छोट्या चॅपलमध्ये आहे. या रस्त्याने जाताना डावी-उजवीकडच्या मऊ पांढऱ्या दगडाच्या कड्यात खोदलेली घरे पाहावीत. त्यांना दारे, खिडक्या आणि धुरांडीही आहेत आणि काहींमध्ये आजही लोक राहतात. इथले बहुतेक महाल याच दगडाचे बांधलेले आहेत. भिंतीवरून बोट फिरवले तर त्याची खडूसारखी पूड हाताला लागते. ज्यांचे पाय अजून ताजे असतील त्यांनी पुढे दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या शांतलूच्या पॅगोड्यापर्यंत जावे. श्वाझलच्या ड्यूकने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ही 44 मीटर उंच, चिनी धाटणीची इमारत रानाच्या कडेला एकटीच उभी आहे, कारण ज्या महालासाठी ती होती तो महाल आता राहिलेला नाही.

ओंझां ते शोमों ही माझ्या मते नवख्यांसाठी सर्वांत चांगली वाट आहे. ओंझां स्टेशनातून सुमारे दोन किलोमीटर सपाट चालले की ल्वारवरचा पूल येतो, आणि पुलावरून समोरच्या टेकडीवरचा शोमोंचा महाल पावलागणिक मोठा होत जातो. महालापर्यंत शेवटी एक चढ आहे. येऊरचा घाट ज्यांना चढता येतो त्यांना तो जाणवणारही नाही. महालाच्या आवारात 1992 पासून दरवर्षी वसंतापासून शरदापर्यंत उद्यानांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, ते पाहायला किमान तीन तास हाताशी ठेवावेत.

शेननसोचे स्टेशन महालाच्या प्रवेशद्वारालगतच आहे, त्यामुळे ज्यांना थोडेच चालायचे आहे त्यांनीही इथे यावे. महाल शेर नदीवर कमानी टाकून बांधलेला आहे आणि त्याचे लांब दालन थेट दुसऱ्या काठापर्यंत जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि मुक्त भागांची सीमा याच नदीवरून जात होती, आणि दालनाचे दक्षिणेकडचे दार मुक्त भागात उघडत होते. महाल आतून पाहून झाल्यावर गावातल्या पुलाची वाट विचारून शेरच्या दक्षिण काठाने चालावे. तिकडून झाडांच्या मधून दिसणारे दृश्य आवारातल्या गर्दीतून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

एखादा दिवस जास्तीचा असेल तर तो कांद-सां-मार्तां आणि मोंसोरो या जुळ्या गावांना द्यावा. तिथे व्हिएन्न नदी ल्वारला मिळते. दोन गावांमधले अंतर किलोमीटरभरच आहे, पण कांदच्या चर्चमागच्या चढावरून संगम पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात. तिथे रेल्वे नाही. शिनों किंवा सोम्यूरहून टॅक्सी ठरवावी लागते.

नदीचा बांध आणि नदी

या वाटांचा बराच भाग बांधावरून जातो. कोळशेत किंवा बेलापूरच्या बाजूला खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले खारबांध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे बांध लगेच ओळखीचे वाटतील. फक्त ते फार मोठे आहेत आणि मध्ययुगापासून वाढवत नेलेले आहेत. तरीही 1846, 1856 आणि 1866 या वर्षांच्या महापुरांनी ते फोडले. काठावरच्या गावांत भिंतींवर त्या पुरांच्या पाण्याची रेघ आणि साल कोरलेले दिसते. त्या रेघेशेजारी उभे राहावे, मग बांध एवढा उंच का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

बांधावर सावली जवळजवळ नसते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पारा 35 अंशांच्या वर जाऊ शकतो, म्हणून मे, जून किंवा सप्टेंबर हे महिने निवडावेत. मेमध्ये सकाळी गारठा असतो आणि दुपारी हवा सुखद असते. जूनच्या मध्यात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा इथल्यासारखे पहाटे साडेपाचला बाहेर पडण्याची गरज नाही. नऊला निघाले तरी दिवस भरपूर उरतो. पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही, हलका रेनकोट पाठीवरच्या पिशवीत ठेवावा.

नदी शांत दिसते म्हणून पाण्यात उतरण्याचा मोह कोणीही करू नये. ल्वारच्या तळाची वाळू सतत सरकत असते, पायाखालचा भाग अचानक खचतो, आणि प्रवाह वरून दिसतो त्याहून बराच जोरकस असतो. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर कुररी पक्षी अंडी घालतात, त्यामुळे तिथे जाण्यास मनाईचे फलक असतात. उंच गवतात गोचीड असते. लांब पँट घालावी आणि संध्याकाळी पाय तपासावेत. सप्टेंबरच्या अखेरीपासून रानाच्या वाटांवर शिकारीचा हंगाम असतो, विशेषतः रविवारी, म्हणून त्या काळात भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार सुरू असल्याचा फलक दिसल्यास दुसरी वाट धरावी. कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

खाणे, पाणी, स्वच्छतागृह

खेड्यांतली उपाहारगृहे दुपारी बारा ते दोन एवढ्याच वेळात जेवण देतात, आणि सोमवारी बरीच दुकाने बंद असतात. सकाळी बेकरीतून पाव, बाजारातून फळे आणि टोमॅटो घेऊन निघणे हा खात्रीचा मार्ग आहे. शाकाहारी मंडळींनी भाजीच्या पायमध्येही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात हे लक्षात ठेवून प्रत्येक वेळी विचारावे. सांत-मोर हे इथले शेळीच्या दुधाचे चीज राखेचा करडा थर असलेल्या लांब नळकांड्यासारखे असते आणि त्याच्या मधून एक काडी घातलेली असते. चव आंबटसर, पावाबरोबर उत्तम. मात्र चीज घट्ट करण्यासाठी बहुधा प्राणिजन्य रेनेट वापरलेले असते, हे काटेकोर शाकाहारींनी विचारात घ्यावे. घरून भडंग, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडीऐवजी चिक्की असे कोरडे पदार्थ न्यावेत. तूप, पेढे, बर्फी यांसारखे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेण्यास मनाई आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. स्वच्छतागृहे गावात मिळतात, बांधावर मिळत नाहीत, तेव्हा प्रत्येक गावात थांबूनच पुढे निघावे. दुकानात शिरताना आणि वाटेत कोणी समोरून आल्यास आधी ‘बोंझूर’ म्हणावे. त्याशिवाय बोलायला सुरुवात करणे तिथे उद्धटपणाचे मानले जाते.

निघण्यापूर्वी

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो द्यावाच लागतो. त्यासोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी भेटीची वेळ फेब्रुवारीतच पाहावी, कारण उन्हाळी सुटीची गर्दी मुंबईच्या केंद्रावर लवकर सुरू होते.

पायांची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. गुळगुळीत ट्रॅकवरच्या फेऱ्या पुरेशा नाहीत, कारण तिथल्या वाटांवर खडी, मुळे आणि पावसानंतरचा चिखल असतो. आठवड्यातून दोनदा येऊरच्या चढावर किंवा पारसिकच्या टेकडीवर जावे, आणि निघण्याच्या आदल्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस आठ-आठ किलोमीटर चालून पाहावे, कारण फोड आणि कुरकुर दुसऱ्या दिवशीच कळते. बूट नवे असतील तर ते याच सरावात घालावेत. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या सामानात ठेवावीत, आणि गटातल्या प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता व परतीच्या स्टेशनचे नाव रोमन लिपीत लिहिलेला कागद असावा.