वेब्ली मार्क ६ ला शोभेल अशी मूठ शोधताना

वेब्ली मार्क ६ म्हणजे ब्रिटिश सैन्याचं जुनं रिव्हॉल्व्हर. आधी ते रिकामं आहे ना, बघा. मग नळीमागच्या वरच्या पट्टीवर कोरलेला मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, वाचा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. १९१५ साली आलेल्या मार्क ६ ची मूठ चौकोनी, आधीच्या मार्कांची पक्ष्याच्या डोक्यासारखी गोलसर. एकीच्या फळ्या, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंची आवरणं, दुसरीला बसत नाहीत, विकणारा काहीही सांगो.

मूळ फळ्या काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या. उजेडानं त्यांवर तपकिरी झाक चढते आणि अंगठ्यानं खसखसून घासल्या की गंधकाचा वास सुटतो. प्लास्टिकच्या नकलेला तो येत नाही. काळीकुळकुळीत, एकही ओरखडा नसलेली जोडी दिसली की मी तरी हात आखडता घेते. स्क्रू हलक्या हातानं आवळा, जुनं व्हल्कनाइट पटकन तडकतं.

पहिल्या महायुद्धाचा संच करायचा तर अधिकाऱ्याचं चामड्याचं होल्स्टर घ्या. १९३७ च्या नमुन्याचं कापडी होल्स्टर त्यात चालणार नाही. लॅनयार्ड, म्हणजे रिव्हॉल्व्हर अंगाला बांधून ठेवायची दोरी, सहज मिळते. या रिव्हॉल्व्हरला जोडायच्या प्रिचर्ड संगिनीचा मोह मात्र आवरा: ती सैन्यानं अधिकृतपणे कधी स्वीकारलीच नव्हती, खरी फार दुर्मीळ आहे आणि नकला उदंड.