मधुमालतीची छाटणी महाशिवरात्रीच्या आत उरकून घ्या

इंदूरच्या मंडळींनो, रथसप्तमी झाली, पहाटेची बोचरी थंडी ओसरायला लागलीये, तर ज्यांच्या दारात मधुमालती आहे त्यांनी आता सिकेटर (छाटणीची कात्री) बाहेर काढा. महाशिवरात्रीपर्यंत वेळ आहे, त्यापुढे लांबवू नका. दरवर्षी मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच की वेल गच्चीपर्यंत गेलीये, पानांनी नुसती गच्च भरलीये पण फुलं का नाहीत, आणि तेव्हा सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, कारण जे करायचं ते फेब्रुवारीतच करायचं असतं.

ही वेल फुलते ती नव्या फुटव्यांच्या टोकाला. जुनं लाकूड तसंच ठेवलं तर नवी फूट फक्त वर शेंड्याला येते, झुमके वरच्या मजल्यावाल्यांना दिसतात आणि आपल्या वाट्याला खालच्या उघड्या काटक्या. म्हणून घाबरू नका, निम्म्याहून जास्त कापली तरी चालते, मरत नाही.

आत्ता बरीच पानं झडलेली असतात त्यामुळे सांगाडा नीट दिसतो. बुडातून आलेले तीन-चार जाड दांडे ठेवायचे, एकमेकांत गुरफटलेलं आणि वाळकं सगळं काढायचं, आणि ठेवलेल्या दांड्यांच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे (जिथून नवी फूट येते ते कोंब) राखून कापायच्या. एखादी फांदी वाळकी की जिवंत ते कळत नसेल तर नखाने साल जराशी खरवडून बघा, खाली ओलसर हिरवं दिसलं तर ठेवा, तपकिरी कोरडं असेल तर काढून टाका. हातमोजे मात्र घालाच, कारण पान गळलं तरी देठाचा बुडाचा तुकडा फांदीलाच राहतो आणि टणक होऊन आकड्यासारखा वळतो, वेल त्याच आकड्यांनी तारेला धरून वर चढते, आणि आपण फांदी ओढायला गेलो की तेच तळहातात घुसतात.

दिवाळीच्या साफसफाईत छाटायचा मोह होतो, तो टाळा. मी दोन वर्षांपूर्वी माळीदादांच्या सांगण्यावरून ऑक्टोबरात छाटून घेतली, पंधरा-वीस दिवसांत छान कोवळी लालसर फूट आली आणि डिसेंबरअखेरच्या थंडीत सगळी काळी पडली, वेल जगली पण पहिला बहर थेट पावसाळ्यात बघायला मिळाला.

छाटल्यावर बुडाशी दोन-तीन इंच माती हलकी करून जमिनीतल्या वेलीला एक-दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या, बस. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं तळहाताएवढी होतात आणि कळ्या येत नाहीत, फुलं नसलेल्या निम्म्या वेलींचं दुखणं हेच असतं, उरलेल्यांचं सावली. दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच. आणि चुलीची राख टाकायची सवय असेल तर इथे नको, आपली माळव्याची काळी माती आधीच अल्कधर्मी, राखेने ती आणखी तशी होते आणि मग पान पिवळं पण शिरा हिरव्या असं दिसायला लागतं, ते लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. तसं झालंच तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट, थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळी फवारणी.

नवी लावायची असेल तर जमिनीत जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून पाणी धरून ठेवते, बुडाशी पाणी तुंबून राहिलं की मुळं कुजतात, 42 डिग्रीचं ऊन सोसणारी वेल जुलैत मरते ती अशी. म्हणून दोन फुटांचा खड्डा, त्यात माती, शेणखत आणि जाड वाळू समान, आणि आळं खोलगट न करता बुडाशी उंचवटा ठेवा. भिंतीपासून फूट-दीड फूट लांब लावा. आधाराला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार किंवा लोखंडी पाइपच हवा, नायलॉनची दोरी उन्हाने वर्ष-दोन वर्षांत तुटते आणि भरलेली वेल एका वादळात खाली येते.

पाणी इथे बऱ्याच ठिकाणी एक दिवसाआड येतं, तर जमिनीत रुजलेल्या वेलीला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पण भरपूर द्या आणि बुडाशी वाळक्या पानांचं आच्छादन करा, तेवढं पुरतं. कुंडीला मात्र रोज लागतं. कूलर रिकामा करताना ते पाणी कुंडीत ओतू नका, आरओचं टाकाऊ पाणीपण नको, दोन्हीत क्षार जास्त असतात आणि पानांच्या कडा जळतात.

रंगपंचमीच्या गेरीपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत) फूट हातभर झालेली असते. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर आधी पाण्याची जोरात धार मारा, नाही गेला तर लिटरला 5 मिली निमतेल आणि साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर.

एप्रिलअखेरीस पहिले झुमके लागतात. जागा निवडताना एक बघा, फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, सुवास रात्री, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल, एकाच झुमक्यात तिन्ही रंग. अंधार पडला की लांब सोंडेचे पतंग येतात, पांढऱ्या फुलाशी हवेतच थांबून रस पितात. म्हणून जिथे रात्री बसता, ओटल्याशी किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीपाशी, तिथे लावा, मागच्या बोळात नको.

बुडापासून चार-पाच फुटांवर फरशीच्या फटीतून फुटवे येतात, ते वरून कापले की दुप्पट येतात. खुरप्याने मुळासकट उपटा. मुळाचा तुकडा सोबत आला असेल तर पिशवीत लावून सावलीत ठेवा, शेजारच्या काकूंना द्यायला रोप तयार.