मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या संशोधनात उतरणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टने सुरुवात कुठून करावी

संशोधनाकडे ओढा असलेला तरुण न्यूरॉलॉजिस्ट शिक्षण संपत आले की बहुधा नियतकालिके चाळत विषय शोधू लागतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस), म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते तो आजार, आणि त्याच्या जवळच्या आजारांत काम करायचे असेल, तर हा क्रम उलटा करावा. आधी रुग्णांची शिस्तशीर नोंद सुरू करावी. विषय त्या नोंदींतून, आणि विशेषतः ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या रुग्णांतून, पुढे येतो.

या क्षेत्रातला सर्वांत बोलका दाखला न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा आहे. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू या दोन्हींवर आघात करणाऱ्या या आजाराचे वर्णन युजेन देविक यांनी १८९४ मध्ये केले होते, तरी पुढची शंभर वर्षे अनेक जण त्याला एमएसचाच एक उपप्रकार मानत राहिले. मात्र काही डॉक्टरांना या रुग्णांतली विसंगती खटकत होती: मज्जारज्जूवरचा डाग तीन किंवा त्याहून अधिक मणक्यांच्या लांबीचा, मेंदूचा एमआरआय सुरुवातीला बहुधा जवळजवळ स्वच्छ, आणि एमएसमध्ये नेहमी आढळणारे ऑलिगोक्लोनल पट्टे (तपासणीत पट्ट्यांसारखी दिसणारी प्रतिपिंडे) पाठीच्या पाण्यात बहुतेकदा गायब. २००४ मध्ये वँडा लेनन आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तात एक वेगळे प्रतिपिंड दाखवले आणि पुढच्याच वर्षी त्याचे लक्ष्य ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. एमएसवर दिले जाणारे इंटरफेरॉन बीटा या रुग्णांना अपाय करू शकते हेही नंतर स्पष्ट झाले. म्हणून ‘असामान्य एमएस’ असा शेरा मारून फाइल मिटवण्याऐवजी, नेमके काय जुळत नाही ते एका स्वतंत्र वहीत लिहून ठेवावे. हीच वही पुढे संशोधकाचे भांडवल ठरते.

नोंद कशी ठेवावी, याबाबत थोडा तपशील आवश्यक आहे, कारण बहुतेक अभ्यास इथेच कच्चे राहतात. रिलॅप्सची (आजाराच्या नव्या झटक्याची) तारीख, लक्षण किती तास टिकले, त्या वेळी ताप किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होता का, आणि आधीच्या रिलॅप्सपासून किती दिवस लोटले होते, या चार गोष्टी त्याच भेटीत लिहाव्यात. लक्षण किमान २४ तास टिकले पाहिजे आणि दोन रिलॅप्सच्या प्रारंभांत किमान ३० दिवसांचे अंतर हवे, असा संकेत आहे. ताप आल्यावर जुनाच पाय पुन्हा जड झाला आणि ताप उतरताच मोकळा झाला, तर तो नवा रिलॅप्स नव्हे; परंतु सहा महिन्यांनी फाइल वाचणाऱ्याला केवळ ‘पायात अशक्तपणा’ एवढेच दिसले, तर त्याची गणना चुकणारच.

अपंगत्व मोजण्यासाठी जॉन कुर्त्झके यांची १९८३ मधली ईडीएसएस ही ० ते १० अंकांची मोजपट्टी आजही सर्वत्र वापरली जाते. तिच्या मर्यादा ओळखूनच ती वापरावी. ४ च्या वरचे अंक मुख्यतः चालण्यावर ठरतात: सुमारे १०० मीटर चालण्यासाठी एका बाजूचा आधार लागला की ६, आणि दोन्ही बाजूंच्या आधाराने जेमतेम २० मीटर जमले की ६.५. रुग्ण किती चालतो हे त्याला विचारून लिहू नये, तर मार्गिकेत अंतर आखून त्याला प्रत्यक्ष चालवावे. शिवाय १ ते २ आणि ६ ते ७ ही अंतरे सारखी नाहीत, त्यामुळे या अंकांची सरासरी काढून निष्कर्ष मांडणे धोक्याचे आहे. हाताचे कौशल्य आणि विचारांचा वेग ही मोजपट्टी नीट पकडत नाही. त्यासाठी नऊ खुंट्यांची चाचणी आणि चिन्ह-अंक जोडण्याची चाचणी सोबत घ्यावी.

प्रत्येक निदानापुढे ते कोणत्या निकषांनुसार केले हेही लिहावे. एमएसच्या निदानासाठीचे मॅकडोनाल्ड निकष २००१ मध्ये आले आणि त्यानंतर अनेकदा सुधारले गेले. २०१७ च्या आवृत्तीने योग्य रुग्णांत पाठीच्या पाण्यातल्या ऑलिगोक्लोनल पट्ट्यांना काळातल्या विखुरणीचा, म्हणजे आघात वेगवेगळ्या वेळी झाल्याच्या पुराव्याचा, पर्याय मानले. निकष जसे सैल झाले, तसे सौम्य रुग्णही लवकर एमएसच्या गटात येऊ लागले, आणि उपचारात काहीही बदल झाला नाही तरी नव्या गटाचे भवितव्य जुन्यापेक्षा बरे दिसू लागले. हा भास ओळखता आला नाही, तर जुन्या आणि नव्या रुग्णांची तुलना करू नये.

नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन रक्ताचे नमुने गोठवून ठेवण्याची व्यवस्था शक्य तितक्या लवकर करावी. आज विचारायला सुचत नसलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या कुपीत असू शकते. एपस्टाईन-बार विषाणूचा एमएसशी असलेला संबंध दाखवणारा २०२२ मधला अभ्यास अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तद्रवावर उभा होता, आणि तो रक्तद्रव मुळात एचआयव्ही तपासणीतून उरलेला होता. एक कोटीहून अधिक सैनिकांच्या त्या संचातून, विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो असे दिसून आले.

प्रयोगशाळेचा निकाल मात्र डोळे मिटून स्वीकारू नये. मायलिनवरील, म्हणजे नसांच्या आवरणावरील, मॉग या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे एमएसचे भाकीत करतात, असा दावा २००३ मध्ये झाला आणि २००७ मध्ये मोठ्या गटात तो टिकला नाही. त्या चाचणीत प्रथिनाची मूळ घडी मोडलेली असे. अखंड प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर ठेवून केलेल्या चाचण्या आल्यावर हीच प्रतिपिंडे एका निराळ्याच आजाराची खूण ठरली, आणि त्या आजाराचे निकष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही कमी पातळीचा सकारात्मक निकाल रुग्णाच्या चित्राशी जुळत नसेल, तर तो संशयानेच पाहावा.

यानंतर एखादे कौशल्य खोलवर शिकावे: प्रतिकारशास्त्र, एमआरआयचे विश्लेषण किंवा साथरोगशास्त्र. तिन्ही थोडे थोडे शिकण्यात वर्षे जातात आणि हाती काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. संख्याशास्त्र मात्र कोणालाही चुकत नाही. रुग्ण औषध सुरू करतो तो बहुधा रिलॅप्स वाढल्यावर, आणि वाढलेले रिलॅप्स औषधाविनाही काही प्रमाणात सरासरीकडे परततात. म्हणून ‘आधी-नंतर’ अशा तुलनेत निकामी औषधही गुणकारी भासू शकते. तुलनेसाठी दुसरा गट घ्यावा, आणि औषध सुरू होण्यापूर्वीचा चांगला काळ चुकून औषधाच्या खात्यावर जमा होत नाही ना, हे तपासावे.

औषधांच्या चाचण्यांत सहभागी होताना कंपनीच्या आराखड्याबाहेरचेही पाहावे. एमएसवरच्या नॅटालिझुमॅब या औषधाला २००४ मध्ये मान्यता मिळाली, पुढच्याच वर्षी मेंदूच्या जीवघेण्या विषाणूसंसर्गामुळे ते मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आले. असे दुर्मीळ धोके काही शे रुग्णांच्या चाचणीत सहसा दिसत नाहीत, ते दीर्घकाळ चालणाऱ्या नोंदवहीत दिसतात. निधीचे अर्ज आणि परिषदा यांबाबत ज्येष्ठ सहकारी सांगतीलच; लेखकांचा क्रम मात्र काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावा.

एमएस दशकानुदशके चालतो, तेव्हा नोंदवही एका संशोधकाच्या कारकिर्दीपेक्षा मोठी होते. कॅनडातील लंडन, ओंटारिओ येथे १९७२ पासून पाहिलेल्या रुग्णांचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षे चालू राहिला, आणि आजाराच्या नैसर्गिक वाटचालीबद्दल आज जे माहीत आहे त्यातले बरेचसे तिथून आले. म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ, मोजमापाची पद्धत आणि मधल्या काळात झालेले बदल एका दस्तऐवजात तारखेसह लिहावेत, आणि ज्याने तुमच्यासोबत एकही रुग्ण पाहिलेला नाही अशा नव्या सहकाऱ्याला त्यावरून दहा फाइल्स भरायला सांगाव्यात. त्याचे आणि तुमचे ईडीएसएस अंक जिथे जुळत नाहीत, तिथले नियम पुन्हा लिहावेत.