जुने ईएल८४ व्हॉल्व्ह कसे निवडावेत आणि कसे रुळवावेत

नवे व्हॉल्व्ह (ॲम्प्लिफायरमधल्या काचेच्या निर्वात नळ्या) लावले की शंभर तास गाणी वाजवत राहायची आणि आवाज ‘मोकळा’ होण्याची वाट पाहायची, एवढाच रुळवण्याचा अर्थ बहुतेकांना सांगितला जातो. या सल्ल्यापायी पन्नास-साठ वर्षे खोक्यात पडून असलेले व्हॉल्व्ह थेट ॲम्प्लिफायरमध्ये बसवले जातात आणि त्यांतला एखादा जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. जुना व्हॉल्व्ह रुळवण्याचा खरा हेतू आवाजाचा नाहीच. इतक्या वर्षांत धातूच्या भागांमधून सुटलेला वायू गेटरने (काचेच्या आतल्या वायू शोषणाऱ्या लेपाने) शोषून घ्यावा, कॅथोडचे (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचे) उत्सर्जन स्थिर व्हावे आणि पहिल्या ग्रिडमधून (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीतून) वाहू नये असा प्रवाह वाहत नाही याची आपली खात्री व्हावी, यासाठी हा खटाटोप करायचा असतो. येथे मी ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह धरून लिहितो. अमेरिकेत तो ६बीक्यू५ या नावाने ओळखला जातो. जुन्या रेडिओग्रामपासून घरगुती पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने भार उचलतात अशा) ॲम्प्लिफायरपर्यंत तो सर्वत्र वापरला गेला असल्यामुळे आजही तो हाती लागतो.

निवडताना काचेवर छापलेल्या नावाकडे सर्वांत शेवटी पाहावे. कंपन्या एकमेकींकडून व्हॉल्व्ह घेऊन त्यांवर आपले नाव छापत असत आणि ते छापील नाव बोटाने पुसले जाते, म्हणजेच कोणालाही नवे छापता येते. त्यापेक्षा काचेच्या तळाशी, पिनांच्या जवळ, फिकट करड्या अक्षरांतला कोड तिरप्या उजेडात शोधावा. फिलिप्स समूहाच्या व्हॉल्व्हवर असा कोड दोन ओळींत असतो. दुसऱ्या ओळीत ‘बी ५ एच २’ असे असेल, तर ‘बी’ म्हणजे मलार्डचा इंग्लंडमधील ब्लॅकबर्नचा कारखाना, ‘५’ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ‘एच’ म्हणजे ऑगस्ट आणि ‘२’ म्हणजे दुसरा आठवडा. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ईएल८४ आणि त्याच्या आधीच्या टप्प्यांत लागणारा ईसीसी८३ हे व्हॉल्व्ह बनवले. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखाद्या रेडिओच्या सांगाड्यासोबत ते मिळाले, तर नाव परदेशी नाही म्हणून ते सोडू नयेत.

काचेच्या माथ्यावरचा गेटरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरलेली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे. डाग चकचकीत असणे ही मात्र केवळ पहिली अट आहे. किनारपट्टीवरच्या घरांत राहिलेल्या व्हॉल्व्हच्या पिना हमखास काळवंडतात. त्या नाजूक हाताने घासाव्यात, कारण वाकडी पिन जोराने सरळ केली की तिच्या मुळाशी काचेला तडा जातो. मल्टिमीटरने पिन ४ आणि ५ यांच्यामध्ये हीटर (कॅथोड तापवणारी तार) लागतो का आणि पिन २ (पहिली ग्रिड) व ३ (कॅथोड) एकमेकींपासून पूर्ण तुटक आहेत का, हे पाहिले की निवड संपली. (पिना खालून पाहताना, रिकाम्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजाव्यात.) विक्रेता केवळ उत्सर्जन मोजणाऱ्या टेस्टरचा हिरवा काटा दाखवत असेल, तर त्यावरून आतल्या वायूबद्दल काहीही कळत नाही.

आता रुळवण्याकडे वळू. संपूर्ण ॲम्प्लिफायर व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) लावून व्होल्टेज हळूहळू वाढवण्याचा सल्ला मी पूर्णपणे फेटाळतो. व्हेरिॲक एचटीबरोबर (व्हॉल्व्हला लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजबरोबर) हीटरचे व्होल्टेजही खाली आणतो. त्यामुळे अर्धवट तापलेल्या कॅथोडकडून प्रवाह ओढला जातो, आणि जुन्या कॅथोडला याहून वाईट वागणूक दुसरी नाही. तळाच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांसाठी व्हेरिॲक जरूर वापरावा, पण तेव्हा हे व्हॉल्व्ह बाहेर काढून ठेवावेत.

योग्य मार्ग सोपा आहे. ६.३ व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर घ्यावा, नऊ पिनी बेस लावावेत आणि एचटी अजिबात न देता फक्त हीटर २४ तास पेटते ठेवावेत. एक ईएल८४ ०.७६ अँपिअर घेतो, म्हणून जोडीसाठी २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर न मोजता पिनांवरच मोजावे. आपल्याकडच्या चढत्या विजेत ते ६.९ पर्यंतही जाते, ते ६.० ते ६.६ यांच्या दरम्यान आणावे. हे आठवडाभर चालू ठेवणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. प्रवाह न ओढता कॅथोड दीर्घकाळ तापवत ठेवला, तर त्याच्या लेपाखाली अवरोध करणारा थर बसतो, आणि सुरुवातीच्या संगणकांत याच कारणाने व्हॉल्व्ह निकामी होत. तो थर बसायला पुष्कळ जास्त तास लागतात हे खरे, पण २४ तासांनंतर हाती काही येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

यानंतरचा टप्पा मात्र घाईने करू नये, कारण मी स्वतः येथेच फसलो होतो. माझ्या पहिल्या पुश-पुल ॲम्प्लिफायरमध्ये एकाच बाजूचा ईएल८४ वीस मिनिटांत लाल होत असे. आधी ॲनोडच्या (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या बाहेरच्या पत्र्याच्या) शिवणीपाशी विटकरी रंगाचा नखाएवढा ठिपका दिसायचा, मग तो पसरत जायचा. मी व्हॉल्व्ह बदलला, तर त्या जागी दुसराही तसाच लाल झाला. ‘वायू धरलेले’ म्हणून मी एकामागून एक चार व्हॉल्व्ह बाद केले आणि त्यांतले दोन तोवर तापून खरोखरच खराब झाले होते. दोष व्हॉल्व्हचा नव्हताच. आधीच्या टप्प्याकडून येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा मेणकागदी कपलिंग कंडेन्सर गळत होता. मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर तो निर्दोष दिसत होता, त्यामुळे माझा त्याच्यावर संशयच गेला नाही. कंडेन्सरचा अवरोध १०० मेगओहमपर्यंत उतरला, तरी २०० व्होल्टवर त्यातून सुमारे २ मायक्रोअँपिअर प्रवाह गळतो, आणि तेवढ्याने ४७० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर जवळजवळ १ व्होल्ट धन व्होल्टेज उभे राहते. ज्या व्हॉल्व्हचा बायस (ग्रिडला कॅथोडपेक्षा ऋण ठेवणारे व्होल्टेज) जेमतेम सात-आठ व्होल्टचा असतो, त्याला हे झेपत नाही.

म्हणून एचटी देण्याआधी क्रम असा ठेवावा. दोन्ही ईएल८४ बाहेर काढावेत, ईसीसी८३ जागेवर ठेवावा आणि ॲम्प्लिफायर चालू करून प्रत्येक रिकाम्या बेसच्या पिन २ वर चासीच्या (ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याच्या) संदर्भाने डीसी व्होल्टेज मोजावे. भार नसल्यामुळे एचटी चढते, म्हणून मुख्य कंडेन्सर किती व्होल्टचे आहेत हे आधी पाहावे. येथे धन व्होल्टेज दिसले, तर दोष कंडेन्सरचा आहे. तेथे ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर लावावा आणि मगच पुढे जावे. हात आत घालण्यापूर्वी मुख्य कंडेन्सर रिकामे करून त्यांवरचे व्होल्टेज मोजावे. वीज बंद केल्यानंतरही तेथे ३०० व्होल्ट उभे असू शकतात आणि त्याने माणूस दगावतो.

रिकाम्या बेसवर शून्य मिळाले की व्हॉल्व्ह बसवावेत आणि पिन २ पुन्हा मोजावी. आता जे धन व्होल्टेज दिसेल, ते व्हॉल्व्हचेच असेल. (हे कॅथोड बायसच्या, म्हणजे कॅथोड रेझिस्टरमुळे बायस मिळणाऱ्या, ॲम्प्लिफायरला लागू आहे. बायस स्थिर, म्हणजे वेगळ्या पुरवठ्यातून दिलेला, असेल, तर ग्रिड रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मोजावे.) आत उरलेल्या वायूच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळतात, तयार झालेले धन आयन ऋण ग्रिडकडे ओढले जातात आणि तो प्रवाह ग्रिड रेझिस्टरमधून वाहून ग्रिडची ऋणता कमी करतो. त्यामुळे ॲनोडचा प्रवाह वाढतो, धातू अधिक तापतो, आणखी वायू सुटतो आणि व्हॉल्व्ह आपल्या डोळ्यांदेखत हाताबाहेर जातो. ग्रिड रेझिस्टर जितका मोठा, तितके हे लवकर घडते. ईएल८४ साठी कॅथोड बायसमध्ये १ मेगओहम आणि स्थिर बायसमध्ये ३०० किलोओहम ही मर्यादा त्यासाठीच घातलेली आहे.

एका मापनावर कधीही निर्णय घेऊ नये. पाच, वीस आणि साठ मिनिटांनी आकडा लिहून ठेवावा. ४७० किलोओहमवर तो ०.१ व्होल्टच्या आत असेल, तर मी निश्चिंत होतो. सुरुवातीला ०.४ असून तासाभरात ०.२ वर उतरला, तर वायू शोषला जात आहे. अशा व्हॉल्व्हला संयमाने वेळ द्यावा. आकडा तापण्याबरोबर चढतच गेला, तर बहुधा कॅथोडवरचे बेरियम उडून ग्रिडवर बसलेले असते आणि तापलेली ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडत असते. हे दुखणे कितीही तास रुळवून बरे होत नाही, आणि नेमके हेच व्हॉल्व्ह ‘अजून थोडे वाजवा’ म्हणत लोकांच्या गळ्यात मारले जातात. १ व्होल्ट दिसताच एचटी तत्काळ बंद करावे. पहिला तासभर खोलीतला दिवा मालवून ॲनोडकडे नजर ठेवावी आणि जागचे उठू नये.

यापुढचे दहा तास ॲम्प्लिफायर मध्यम आवाजात वाजू द्यावा. त्यानंतर कॅथोडच्या व्होल्टेजला कॅथोड रेझिस्टरने भागून एकूण प्रवाह काढावा, स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) साधारण दहावा हिस्सा वजा करावा आणि ॲनोड-कॅथोड व्होल्टेजने गुणावे. उत्तर १२ वॅटच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली, शक्यतो १० च्या आसपास असावे. जोडी जुळवायची ती याच वेळी, दोघांच्या प्रवाहात ५ टक्क्यांहून अधिक फरक नसेल अशी. विक्रेत्याने थंड खोक्यावर लिहिलेल्या ‘मॅच्ड पेअर’ या शब्दांवर मी विसंबत नाही, कारण पहिल्या दहा तासांत हे आकडे हलतात. ईसीसी८३ ला यातले फारसे लागत नाही. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी आणि स्पीकरमध्ये घंटेसारखा नाद घुमत राहिला, तर तो पहिल्या टप्प्यात लावू नये.

प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक देऊन पिन २ चे तिन्ही आकडे त्याच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावेत. महिनाभराने ॲम्प्लिफायर तासभर चालल्यावर पिन २ पुन्हा मोजावी आणि नवा आकडा जुन्यांखाली लिहावा.