प्लाझ्माची कडी पळवताना आधी वेळ मोजा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्लाझ्मा गनवर, म्हणजे प्लाझ्मा (विद्युतभारित तापलेला वायू) पळवणाऱ्या यंत्रावर, काम सुरू केलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त क्ष-किरण होते. हार्टमन आणि हॅमर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये मांडलेली कल्पना वाचून मी भारावलो होतो. प्लाझ्माची कडी तयार करायची आणि एकात एक बसवलेल्या दोन धातूच्या नळ्यांमधून चुंबकीय दाबाने तिला ढकलायची. अमेरिकेत लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे करून दाखवलं गेलं. पुढे न्यू मेक्सिकोत कर्टलँड हवाई तळावर, आपल्या शंकराचं नाव असलेल्या ‘शिवा स्टार’ कपॅसिटर बँकेवर (वीज साठवून एका झटक्यात सोडणाऱ्या कपॅसिटरांच्या संचावर), मिलिग्रॅमभराच्या कड्यांचे प्रयोग झाले. मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे एक-दोन दाणे. तेवढं वस्तुमान सेकंदाला १००० किमी वेगाने निघालं, तर ऊर्जा होते अर्धा मेगाज्यूल. ताशी ३६ किमीने जाणाऱ्या दहा टनी ट्रकची असते तेवढी. कडी आदळून थांबली की हीच ऊर्जा उष्णता होते आणि प्लाझ्मा क्ष-किरण फेकतो.

कडी वाटेत विस्कटत का नाही, हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. रेशमी दोरा गुंडाळलेली बांगडी डोळ्यांपुढे आणा. एक चुंबकीय क्षेत्र बांगडीच्या गोलाईने फिरतं, दुसरं दोऱ्यासारखं तिला वळसे घालतं. दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून कडी काही काळ स्वतःला सावरते. हे चित्र मनात पक्कं बसल्याशिवाय समीकरणांकडे वळू नका.

तिसऱ्या महिन्यात क्ष-किरण टिपणाऱ्या डायोडच्या सिग्नलमध्ये टोकदार शिखर दिसलं. मी आनंदाने घरी फोनही केला. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “कडी टोकाला कधी पोचते?” नळी दीड मीटर, वेग सेकंदाला साधारण १५० किमी, म्हणजे दहा मायक्रोसेकंद. माझं शिखर होतं दुसऱ्या मायक्रोसेकंदाला, कपॅसिटर बँकेचा स्विच पेटतो नेमकं तेव्हा. डायोडवर क्ष-किरण अडवणारं धातूचं झाकण लावून शॉट मारला, म्हणजे गन पुन्हा एकदा उडवली. शिखर तसंच. तो सगळा विजेचा गोंगाट होता.

तेव्हापासून मी झाकलेल्या डिटेक्टरचा शॉट आधी घेतो. नळीच्या बाजूने चुंबकीय क्षेत्र टिपणारे तीन-चार प्रोब लावा. कडी एकामागून एक त्यांच्यासमोरून जाताना दिसली पाहिजे, तोच तिच्या वेगाचा पुरावा. वायूची निवडही विचाराने करा. त्याच वेगाला आर्गॉनचा आयन हायड्रोजनच्या सुमारे चाळीसपट ऊर्जा घेऊन जातो. उलट नळीच्या भिंतीवरून सुटलेला कार्बन आणि ऑक्सिजन वाटेतच ऊर्जा उधळून टाकतात, म्हणून निर्वात कक्ष स्वच्छ ठेवण्यात गेलेले आठवडे वाया जात नाहीत.

कपॅसिटरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. डिस्चार्ज केलेल्या कपॅसिटरवर थोड्या वेळाने व्होल्टेज परत चढू शकतं. अर्थ रॉड (कपॅसिटर जमिनीशी जोडणारी दांडी) लावलेलाच राहू द्या, आणि एकटे असताना बँकेजवळ जाऊ नका.

एमएस्सी करत असाल तर विद्युतचुंबकत्व पक्कं करा आणि सोल्डरिंग शिका. गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था बघून या.

माझा पहिला खरा सिग्नल वर्षभराने आला. उंची जेमतेम, वेळ अकरा मायक्रोसेकंद. लगेच झाकण लावून पुन्हा शॉट मारला. सिग्नल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरची रेष सपाट होती.