घरातल्या फुलझाडांवर फवारणी: कपाशीचा हिशेब कुंडीला लावू नका

आमच्या परभणीकडं शेती असलेल्या घरात १९:१९:१९ या पाण्यात विरघळणाऱ्या खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) अर्धी पिशवी कुठंतरी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली असतेच, कपाशीवर मारून उरलेली. बैठकीतल्या अँथुरियमला फूल येईना की तीच बाहेर निघते. मीही काढली. शेतात लिटरला ५ ग्रॅम मारतो, म्हणून घरातही ५. आठवड्यात पानांच्या कडा करपून तंबाखूसारख्या झाल्या.

शेतातल्या पिकाला ऊन भरपूर, वाढ जोमाची, पानं रापलेली. घरातलं झाड सावलीत हळूहळू वाढतं, पानं कोवळी राहतात. वर पावसानं धुऊन निघायची सोय नाही, त्यामुळं खताचे क्षार पानावरच बसतात. घरात लिटरला १ ग्रॅम पुरे. चहाचा एक सपाट चमचा साधारण ५ ग्रॅमचा, त्याचा पाचवा हिस्सा घ्या. तेही पंधरा दिवसांतून एकदा, आणि झाड वाढीला लागलेलं असेल तरच.

दुसरी चूक पाण्याची, आणि आपल्याकडं हीच मोठी. बोअरचं पाणी जड. तेच फवारलं की पीस लिलीच्या पानावर पांढरे ठिपके उठतात आणि माणूस रोग समजून बुरशीनाशक आणायला धावतो. ओल्या फडक्याला दोन थेंब लिंबू लावून पुसून बघा. निघालं तर क्षार, मग पान साध्या पाण्यानं पुसून घ्या. फवारणीला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा. आरओच्या नळीतून वाया जाणारं नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. कूलरच्या टाकीतलं तर नकोच नको.

याच जड पाण्यानं कुंडीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं), पाकिटावरच्या मात्रेपेक्षा कमीच. पिवळेपणा जुन्या पानांत शिरांच्या मधे असेल तर मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला २ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट या मॅग्नेशियम सल्फेटमध्ये मिसळू नका, ०:५२:३४ या स्फुरद-पालाशाच्या खतातही नको. साका धरतो आणि नोझल तुंबतं.

वेळ सकाळची, सातच्या आसपास. उन्हाळ्यात दुपारी मारलं तर थेंब लगेच सुकतो आणि खत पानावरच राहतं. कूलर-पंखा तेवढा वेळ बंद ठेवा. रात्री मारलं तर पान ओलं राहून बुरशीला आमंत्रण. बारीक तुषार पानाच्या खालच्या बाजूनंही मारा, कारण बऱ्याच झाडांची पर्णरंध्रं तिथंच जास्त असतात. उमललेल्या फुलांवर मारू नका, डाग पडतात. आफ्रिकन व्हायोलेटच्या केसाळ पानांना तर फवारणी नकोच, त्याला कुंडीतूनच द्या.

आणि शेतातला पंप घरात आणू नका! त्यातून कधी २,४-डी हे तणनाशक मारलेलं असेल तर नुसत्या खंगाळण्यानं जात नाही. कपाशीची पानं कशी वाकडी होतात ते बघितलंय ना? पन्नास रुपयांची वेगळी स्प्रे बाटली घ्या.

एवढं करूनही कळी येत नसेल तर कुंडी उजेडाच्या खिडकीजवळ सरकवा. बहुतेक घरांत अडचण उजेडाची असते.

जास्त मारलं गेलंच तर त्याच दिवशी पानं साध्या पाण्यानं धुवा आणि महिनाभर खताला हात लावू नका. करपलेली कड परत हिरवी होत नाही. नवीन पान कसं येतंय ते बघा.