लिंबू सरबत प्यायल्यावर लगेच ब्रश नको

स्टेशनवरचं लिंबू सरबत, चौपाटीवरची तिखटमीठ लावलेली कैरी, वर काला खट्टा गोळा. मुंबईच्या उन्हाळ्यात दात दिवसभर आंबटातच असतात. दाताभोवतीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो. मऊ पडलेल्या या थरावर लगेच ब्रश फिरवला तर तो घासूनच निघतो. म्हणून आधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रशला निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. पित्ताची उलटी झाली तरी हेच.

सरबत एकदाचं पिऊन टाका. लोकलमध्ये दादर ते विरार घोट-घोट घेत बसणं जास्त वाईट, लाळेला आंबटपणा कमी करून दात सावरायला वेळच मिळत नाही.

समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या दिसू लागल्या, दाढांच्या टोकांवर बारीक खळगे पडले, जुनं फिलिंग दाताच्या वर आल्यासारखं वाटलं, तर झीज सुरू आहे. पिवळेपणा आतल्या डेंटिनचा, म्हणजे इनॅमलखालच्या थराचा, असतो. त्यावर मिश्री, कोळसा किंवा लिंबू-सोडा घासणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं.

गेलेलं इनॅमल परत येत नाही. मऊ ब्रश घ्या, 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी (मोठ्यांसाठी), आणि घासून झाल्यावर नुसतं थुंका, चूळ नको. गार पाणी झोंबत असेल तर दंतवैद्य फ्लोराइड वार्निश लावतात. खळगे खोल असतील तर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग), फारच झिजलं असेल तर कॅप.